घरातल्या सुतारकामाची बारीक धूळ कशी आवरायची

काम संपलं की झाडू घ्यायचा, भुसा आणि ढलप्या गोळा करून पोत्यात भरायच्या आणि खोली स्वच्छ झाली म्हणून दिवा मालवायचा, हा बहुतेकांचा शिरस्ता. पण झाडूच्या तावडीत सापडतो तो भुसा तसा गरीबच. जड असतो, पडेल तिथे राहतो, नाकात गेलाच तर शिंकेबरोबर बाहेर येतो. खरा त्रास देते ती अगदी बारीक पूड, आणि तिचा सगळ्यात वाईट भाग डोळ्यांना दिसतच नाही. झाडू मारताना नेमका तोच पुन्हा हवेत उडतो.

आकाराचा अंदाज घ्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकाला चुकवून श्वासनलिकेत उतरतात, आणि ४-५ मायक्रॉनच्या खालचे थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. हवा शांत असेल तर १०० मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला आठ-दहा मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला जवळपास अर्धा दिवस. आणि जिथे माणूस वावरतोय, पंखा फिरतोय, मशीन चालतंय, तिथली हवा शांत कधीच नसते. म्हणून दुपारी घासलेल्या फळीची धूळ रात्री खोलीत डोकावलात तरी तुमच्या श्वासात येते.

तब्येतीचं म्हणाल, तर १९६८ साली ब्रिटनमधल्या हाय विकम परिसरातल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण फारच जास्त असल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ गट १ मध्ये टाकली. माणसात कर्करोग घडवते याचा पुरेसा पुरावा आहे, अशा गोष्टी या गटात येतात. हे वाचून सुट्टीच्या दिवशी चार तास काम करणाऱ्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. त्या कारागिरांनी वर्षानुवर्षं, दिवसभर ती धूळ घेतली होती. घरच्या सुताराच्या वाट्याला त्याआधी येतं ते वेगळंच: सतत चोंदलेलं नाक, खोकला, दमा, अंगावर पुरळ. साग आणि शिसव यांच्या धुळीने काहींच्या कातडीला खाज सुटते. वेस्टर्न रेड सीडर नावाच्या लाकडातलं प्लिकॅटिक ॲसिड दम्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अशी ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा धुळीनेही उसळते. तिची वाट न पाहिलेली बरी.

आता एक हिशेब. अमेरिकेतल्या निओश या संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे दिवसभराच्या सरासरीने दर घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम लाकूडधूळ. तुमची खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरली, तर तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे ३६ मिलिग्रॅम धूळ तरंगत असली की मर्यादा गाठली. एवढी पूड चिमटीतसुद्धा भरत नाही. उलट बाजूने पाहा: एक चौरस मीटरच्या फळीवरून सँडरने, म्हणजे पॉलिश पेपर फिरवून लाकूड घासणाऱ्या यंत्राने, ०.१ मिलिमीटरचा थर उतरवला की साधारण ६० ग्रॅम पूड तयार होते. तिचा दीड हजारावा हिस्सा हवेत राहिला तरी पुरे. धूळ खोलीत पसरू देऊन नंतर गोळा करण्याचा मार्ग का चालत नाही, ते या आकड्यांवरून कळतं. ती जिथे जन्मते तिथेच पकडावी लागते. बाकीचे उपाय निसटलेल्या धुळीसाठी.

पायरी १: धूळ कुठून सुटते ते आधी बघा

काही विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी द्या. नेहमीचं काम करा, मग खोलीतले दिवे बंद करून चांगली प्रखर टॉर्च मशीनच्या पलीकडे, तुमच्याकडे तोंड करून, थोडी तिरकी ठेवा. झोत डोळ्यांत येऊ देऊ नका, त्याच्या कडेने बघा. आता मशीन बंदच ठेवून हातात पॉलिश पेपर घ्या आणि लाकडाचा तुकडा झोतात धरून दोन-चार हात घासा. मोठे कण झरझर खाली जाताना दिसतील. त्यांच्या मागे एक धुरकट पडदा उरेल. तो खाली येत नाही, सरकत सरकत तुमच्याच तोंडाकडे येतो. अंगातून निघणारी उष्णता हवा वर ओढते, तिच्याबरोबर तोही वर चढतो. अंधारात पातं फिरवायचं नाही, हे सांगायला नको.

दुसरी खूण फुकट मिळते. व्हॅक्यूमच्या नळीचे सांधे, सँडरच्या पिशवीचं तोंड, डस्ट कलेक्टरच्या (मोठ्या मशीनची धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या) पिशवीचा पट्टा यांच्याभोवती पुडीची बारीक रेघ साचलीये का पाहा. जिथे रेघ, तिथे गळती.

सर्वसाधारणपणे सगळ्यात वाईट सँडर. त्यानंतर मायटर सॉ (लाकूड आडवं किंवा कोनात कापणारी यांत्रिक करवत), कारण तिचं पातं धूळ मागे फेकतं आणि तिच्या नळीत त्यातला थोडाच भाग जातो. मग टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली करवत) आणि राउटर (खाचा आणि कडा कोरणारं यंत्र). मोठं रंधा मशीन पसारा खूप घालतं, पण त्यात ढलप्यांचा वाटा मोठा. हातरंधा आणि पटाशी यांची धूळ जवळपास नसतेच. एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेली फळी) मात्र कोणत्याही हत्याराने कापा, पीठच निघतं. शिवाय त्यात बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो.

पायरी २: मुळात धूळ कमी करा

या पायरीला खर्च जवळपास नाही, म्हणूनच बहुधा ती कुणी मनावर घेत नाही. खडबडीत फळी ६० नंबरच्या (जाड दाण्याच्या) पेपरने सँडर चालवून सपाट करण्यापेक्षा धार लावलेला हातरंधा चालवा. शेवटचा हात पोलादी स्क्रेपरने द्या. त्यातून निघतात त्या पातळ सुरळ्या, त्या हवेत तरंगत नाहीत. मग सँडरसाठी उरतं ते १५० किंवा १८० नंबरचं थोडकं काम. मोठे प्लाय आणि एमडीएफचे ताव शक्यतो उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता कापा. वारा बाजूने यायला हवा. पाठीवर वारा घेतला की अंगासमोर भोवरा तयार होतो आणि धूळ परत तोंडाशी येते.

पातं आणि पेपर वेळेवर बदला. बोथट पातं लाकूड कापण्याऐवजी जाळत-घासत जातं.

पायरी ३: धूळ उगमाशीच ओढून घ्या

खरी लढाई इथे आहे, त्यामुळे पैसा आणि वेळ दोन्ही इथेच खर्च करा.

सुरुवात सँडरपासून. त्याला येणारी छोटी कापडी पिशवी बाजूला ठेवा आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडा. व्हॅक्यूममध्ये कचऱ्याची बंद पिशवी असावी आणि त्यापुढे हेपा फिल्टर. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. पिशवीशिवाय नुसता फिल्टर लावून चालवलंत तर तो थोड्याच वेळात बुजतो आणि ओढ संपते. नळीचं तोंड आणि सँडरचं तोंड यांचं माप क्वचितच जुळतं. रबरी जोडणी मिळाली तर उत्तम, नाहीतर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप. चिकटपट्टी लावू नका, ती चार दिवसांत सुटते.

आता सँडर उलटा करून पाहा. तळव्याला भोकं आहेत. पेपरची भोकं त्यांच्यावर तंतोतंत बसली नाहीत तर ओढ अर्धी वाया जाते. घाईत लावलेला पेपर एका बाजूला सरकलेला असतो आणि चार भोकं झाकलेली असतात. पेपर काढून परत लावायला दहा सेकंद लागतात. जाळीचा पेपर वापरलात तर ही कटकटच नाही, त्याच्या सगळ्या अंगातून हवा जाते. व्हॅक्यूमची ओढ फार वाढवली तर सँडर लाकडाला चिकटून बसतो आणि गोल ओरखडे उठतात. तेव्हा ओढ थोडी कमी करा, बंद मात्र करू नका. काम झालं की आधी सँडर बंद, मग तो लाकडावरून उचलायचा, आणि व्हॅक्यूम आणखी काही सेकंद चालू ठेवायचा. फिरता सँडर उचलला की तळव्याखालची सगळी पूड चक्रीसारखी बाहेर उडते.

मोठ्या मशीनची गोष्ट वेगळी. व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर एकाच कामाची लहान-मोठी यंत्रं आहेत असं नवख्याला वाटतं. तसं नाही. व्हॅक्यूम थोडी हवा जोरात ओढतो, साधारण १०० ते १५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट. अरुंद नळीच्या हातातल्या अवजारांना ते योग्य. डस्ट कलेक्टर खूप हवा ओढतो, पण त्याचा दाब कमी. अरुंद किंवा लांब नळी जोडली की तो गुदमरतो. टेबल सॉ, रंधा मशीन यांना हवेचं प्रमाण हवं असतं.

नळीत भुसा न साचता वाहायचा तर हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. त्या वेगाने ४ इंची नळीतून सुमारे ३५० सीएफएम हवा जाते, ६ इंची नळीतून जवळजवळ ८००. खोक्यावर १२०० सीएफएम लिहिलेला कलेक्टर ४ इंची नळीला जोडून त्याच्याकडून १२०० ची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. तो आकडा तसाही नळी आणि फिल्टर न लावता मोजलेला असण्याचीच शक्यता जास्त. व्यवहारात लक्षात ठेवायचं ते एवढं: नळी जाड, लांबी कमी, वळणं कमी, आणि नागमोडी लवचिक नळी फक्त शेवटच्या हातभर. आतून कडी असलेली लवचिक नळी सरळ पाइपपेक्षा कितीतरी जास्त हवा अडवते.

नळीचं तोंड कुठे ठेवायचं, हा प्रश्न तर नळीच्या जाडीपेक्षाही मोठा. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली हवा मात्र तोंडापासून थोडं दूर गेलं की मरते. ४ इंची तोंडापासून ४ इंच लांब हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात लावलेली नळी 'धूळ खेचेल' ही आशा सोडा. ती पात्यापासून बोटभर अंतरावर हवी, किंवा पात्याला खोक्याने वेढून त्या खोक्याला जोडलेली हवी. टेबल सॉच्या पोटातल्या मोठ्या फटी प्लायच्या पट्ट्यांनी बंद करा, मोटरला वारा लागेल एवढी जागा सोडून. तरी पात्याचे दात वरून पुढे, तुमच्याकडे, धूळ फेकतातच. त्यासाठी पात्यावरच्या गार्डला वेगळी नळी जोडावी लागते. मायटर सॉच्या मागे तिन्ही बाजूंनी बंद असा प्लायचा कोनाडा करा आणि त्याच्या तळाशी नळी द्या. तो पूर्ण यशस्वी होत नाही, पण उघड्या सॉपेक्षा खूप बरा.

कलेक्टरच्या फिल्टरकडे जरूर बघा. स्वस्त यंत्रांना येणारी विरळ कापडी पिशवी ३० मायक्रॉनच्या आसपासचे कण धरते, म्हणजे जड भुसा आत ठेवते आणि बारीक धूळ गाळून खोलीत फवारते. असलं यंत्र न चालवलेलं बरं. घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर किंवा १ मायक्रॉनची दाट पिशवी लावा. याहून चांगला उपाय म्हणजे कलेक्टरची हवा थेट घराबाहेर सोडणं, जर बाहेर कुणाच्या खिडकीत जात नसेल तर. मात्र एक धोका लक्षात ठेवा: बाहेर फेकलेल्या हवेइतकी हवा आत यावी लागते. त्याच घरात गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर असेल तर त्याचा विषारी धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. अशा घरात हवा आत येण्याची वाट उघडी ठेवल्याशिवाय ही सोय करू नका.

व्हॅक्यूमच्या आधी लावायचा सायक्लोन, म्हणजे बादलीवर बसणारं नरसाळं, हवा गोल फिरवून जड भुसा खाली पाडतं. त्याने पिशव्या वाचतात आणि फिल्टर लवकर बुजत नाही, त्यामुळे ओढ टिकते. अतिबारीक धूळ मात्र त्यातून पुढे जाते. सायक्लोन लावला म्हणून हेपा काढू नका.

पायरी ४: मास्क

मास्क खरं तर आजच घ्या, वरची सगळी जुळवाजुळव होईपर्यंत तोच तुमचा आधार. रुमाल, कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांचा इथे उपयोग नाही. कडेने हवा आत येते. एन९५ किंवा एफएफपी२ किमान. तासन् तास घासायचं असेल तर रबरी अर्धमुखी मास्क आणि त्याला पी१०० किंवा पी३ फिल्टर, हे एन९५ पेक्षा जास्त गाळणारे. तो सुरुवातीला बोजड वाटतो, पण चेहऱ्यावर नीट बसतो, फिल्टर खूप दिवस चालतात आणि श्वास बाहेर सोडायच्या झडपेमुळे चष्म्यावर वाफही धरत नाही.

दाढी असेल तर कोणताच चिकटून बसणारा मास्क नीट काम करत नाही, दोन दिवसांची खुंटंसुद्धा फट पाडतात. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने गाळलेली हवा तोंडासमोर सोडणारं शिरस्त्राण मिळतं. पट्टे दोन्ही लावायचे, एक मानेमागे, एक डोक्यावर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. मग तळहातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडून पाहा. डोळ्यांकडे हवा लागली तर परत बसवा.

मशीन बंद झालं की मास्क काढायचा, ही सवय मात्र मोडा. त्या क्षणी खोलीतली हवा सगळ्यात गढूळ असते. आणि पॉलिश, थिनरच्या वाफांना धुळीचा फिल्टर अडवत नाही; त्याला कोळशाची वेगळी डबी लागते.

पायरी ५: खोलीची हवा गाळा

उगमापाशी निसटलेली धूळ पकडायला खोलीत हवा गाळणारं यंत्र हवं. तासाला खोलीतली सगळी हवा सहा ते दहा वेळा गाळली जाईल एवढी क्षमता धरा. वरच्या ३६ घनमीटरच्या खोलीला आठ वेळांसाठी तासाला २८८ घनमीटर, म्हणजे साधारण १७० सीएफएम लागेल. फिल्टर मळला की हवा कमी होते, तेव्हा याच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचं यंत्र घ्या. या गतीने, नवी धूळ थांबल्यावर ९० टक्के धूळ जायला सुमारे १७ मिनिटं आणि ९९ टक्के जायला ३५ मिनिटं लागतात. यंत्राला टायमर लावून काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास चालू ठेवा आणि खोलीबाहेर जा.

विकत घ्यायचं नसेल तर २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी रूढ केलेली पेटी करता येते. चार मर्व्ह १३ दर्जाचे (बारीक धूळ धरणारे) फिल्टर चौकोनात उभे करायचे, वर चौकोनी पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवायचा, खाली पुठ्ठा, आणि सगळे सांधे टेपने बंद. फिल्टरच्या कडेवरचा बाण आतल्या बाजूला यायला हवा. पंख्याचे चारी कोपरे पुठ्ठ्याने झाकले की हवा परत आत शिरत नाही आणि पेटी जास्त गाळते. सुताराला हे एका तासाचं काम. फक्त पंखा बंद करायला विसरू नका आणि भुशाने माखू देऊ नका.

यंत्र अशा जागी ठेवा की गढूळ हवा तुमच्या तोंडावरून न जाता त्याच्याकडे जाईल. कामाच्या टेबलाच्या पलीकडे, तुम्ही उभे राहता त्याच्या समोरच्या बाजूला, बरं पडतं.

पायरी ६: मोजा

पीएम २.५, म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, दाखवणारा लेझर सेन्सरचा छोटा मीटर घ्या. त्याच्या आकड्यावर शपथ घेऊ नका. लाकूडधुळीसाठी तो जुळवलेला नसतो, आणि दमट हवेत तो जास्त दाखवतो. तुलना मात्र उत्तम कळते. काम सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. सँडर नळीशिवाय दोन मिनिटं चालवा, मग नळी लावून दोन मिनिटं, तोच पेपर, तेच लाकूड. मधे हवा पूर्ववत होऊ द्या. तोंडाच्या उंचीवर ठेवलेल्या मीटरमध्ये हा फरक एकदा पाहिला की नळी जोडायचा आळस आपोआप जातो. मास्क केव्हा काढायचा, तेही मीटर सांगतो: आकडा कामाआधीच्या आकड्याजवळ आला की.

पायरी ७: साफसफाई

झाडू जाड ढलप्यांपुरता. बाकी सगळं हेपा लावलेल्या व्हॅक्यूमने, आणि फळ्या-कप्प्यांवरची पूड ओल्या फडक्याने. कॉम्प्रेसरने खोलीत धूळ उडवू नका. सकाळपासूनची मेहनत एका फुंकरीत हवेत जाते. दिव्यांच्या वरच्या बाजू, पंख्याची पाती, कपाटाचा माथा इथे साचलेला थर महिन्यातून एकदा काढा, नाहीतर दर वेळी दार आपटलं की तोच खाली येतो. कामाचे कपडे तिथेच उतरवा. खोली घरात उघडत असेल तर दाराच्या फटींना रबराची पट्टी लावा.

आगीकडे दुर्लक्ष नको. ग्राइंडरची ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊ देऊ नका. लोखंड घासायचं ते डस्ट कलेक्टरपासून दूर. लाकडात खिळा राहिला असेल तर पात्याला लागून ठिणगी उडते, म्हणून जुनं लाकूड आधी तपासा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटतात, त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, भुशाच्या डब्यात कधीच नको.

पिशवी बदलणं हा सगळ्यात धुळीचा क्षण. मास्क घालून, शक्यतो बाहेर, बंद पिशवीचं तोंड झाकणाने लावून मगच ती ओढा. कार्ट्रिज फिल्टर आतून फटकावू नका, घड्या फाटतात. त्याला असलेली मूठ फिरवून धूळ खाली पाडा, थोडं थांबा आणि मग डबा उघडा.